जाहीर वजन

३ जानेवारी

बॅनर आला. माझ्या तोंडापेक्षा वजनाचा आकडा मोठा! ‘मारेगावचे भारदस्त नेतृत्व मा. किसनराव भाऊ यांची भव्य लाडूतुला! मागील विक्रम १२५ किलो!’ मजकूर अर्थात प्रफुल्लचा. प्रफुल्ल म्हणजे माझा उजवा हात, माझा सगळा पक्ष आणि माझ्या घरी रोजचा जेवणारा.

वाढदिवस ९ फेब्रुवारीला. दरवर्षी कापसाच्या जिनिंगमधला जुना तराजू आणायचा, एका पारड्यात खुर्चीवर मी, दुसऱ्यात बुंदीचे लाडू. काटा सरळ झाला की फटाके, आणि मग लाडू गावभर. गेल्या वर्षी गोविंदानंही वह्यांची तुला करून घेतली. गोविंदा हा माझा नगरपंचायतीतला वैरी. भरला किती? एकसष्ट किलो! लोक हसले. एवढ्याशा माणसाला मत द्यायचं तरी कुठे?

मी दुसऱ्या काट्यावर कधी चढलोच नाही. गरज काय? माझं वजन गावाला पाठ आहे.

६ जानेवारी

गच्चीचा जिना चढून धाप लागली. मागून विमल येत होती, ती तर मधल्या पायरीवर बसलीच. माझी अवस्था पाहून घाबरली असावी.

८ जानेवारी

जेवताना विमल म्हणाली, “वणीले शिबिर हाय म्हणते. वजन कमी करायच्या ऑपरेशनचं. नागपूरचे डॉक्टर येऊन राह्यले. जाऊन येऊ ना आपण.”

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण या बाईनं स्वतःहून कुठे जायचं नाव काढलं नव्हतं. माझ्या जिवाची केवढी चिंता! डोळे भरून आले. वरणावर अजून थोडं तूप वाढून घेतलं.

१२ जानेवारी

विमल, प्रफुल्ल आणि मी वणीला जाऊन आलो. मंगल कार्यालयात शिबिर. बाहेर कचोरीची गाडी, आत लठ्ठपणा. दोन्हीकडे गर्दी, आणि बरीचशी तीच माणसं.

डॉक्टरनं पडद्यावर चित्रं दाखवली. जठराचा मोठा भाग कापून काढतात, उरतं ते केळ्याएवढं. दुसऱ्या प्रकारात आतड्याची वाटच वळवतात. माझ्या शेजारच्यानं कचोरी अर्धी ठेवली. मग थोड्या वेळानं संपवली.

ऑपरेशन कोणाला करायचं याचा हिशेब नुसत्या वजनाचा नाही, उंचीच्या मानानं वजन किती ते बघतात. शुगर, गुडघे, झोपेत श्वास अडकणं, हेही धरतात. आहार सांगणारी अर्पिता नावाची मुलगी तर फारच कडक. “ही जादू नाही. ऑपरेशन पोटाचं होतं, सवयीचं नाही. आधी दोन आठवडे नुसतं पातळ. नंतर जन्मभर थोडं थोडं, चावून. गोळ्या चुकवायच्या नाहीत, तपासण्या चुकवायच्या नाहीत. नाही पाळलं तर वजन परत येतं.” निवडून आल्यावरसुद्धा माणसाला एवढ्या अटी नसतात!

माझं वजन विचारलं. १२५, प्रफुल्लनं छाती काढून सांगितलं. अर्पितानं उंची घालून गणित केलं आणि चेहरा गंभीर केला. नागपूरला तपासायला बोलावलंय.

आणि विमल! एवढं बोलताना तिला मी आमच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. “शुगर असली तं ऑपरेशन चालते का? गुडघ्याले आराम पडते का? सैपाक किती दिवसानं करता येते?” शुगर तिला आहे, मला नाही. आणि स्वयंपाक? मी तर पाणीसुद्धा ओतून घेत नाही! काळजीनं बिचारीचा पार गोंधळ उडाला.

१३ जानेवारी

गावात बातमी फुटली. सकाळपासून शिष्टमंडळं. एक म्हणतो पोटाला चेन लावतात, पाहिजे तेव्हा उघडता येते. एकाच्या साडूचा साडू ऑपरेशन करून इतका बारीक झाला की बँकेनं ओळखला नाही. शेजारच्या रुखमाबाईचा सवाल वेगळाच – “इतके वर्स खाल्लं थे वाया गेलं म्हणावं का भाऊ?”

प्रफुल्ल सगळ्यांत व्याकूळ. “भाऊ, तुमी तीस किलो उतरले तं जनतेचे तीस किलो लाडू गेले! निवडणूक तोंडावर हाय. थो गोविंदा काय म्हणन? भाऊचं वजन घटलं!”

मुद्दा खरा आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू मोजले नाहीत. निरोपाचं खाणं मोजू नये.

१९ जानेवारी

खरं लिहू? भीती वाटते. चिरण्याची आहेच. पण त्याहून मोठी ही की बारीक झाल्यावर मी कोण? माझ्याकडे ना डिग्री, ना मोठा वक्ता मी. रस्त्यानं गेलो की लोक बाजूला होतात ते या देहाकडे बघून. आणि नाही केलं, अन् जिन्यावरच गेलो तर? मग तुला कोणाची करतील?

विमलला विचारलं, करू का गं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, “पटलं तं करावं मानसानं. गावाले कायले इचारायचं?”

केवढा धीर देते! तिचे डोळे सुजलेले दिसले. रात्रभर बसूनच झोपते म्हणते हल्ली, आडवं झालं की जीव गुदमरतो. माझ्या घोरण्यानं होत असेल.

२४ जानेवारी

नागपूर.

काट्यावर चढलो. चौऱ्याण्णव.

म्हटलं, मशीन बिघडलंय. नर्स स्वतः चढून दाखवू लागली. परत चढलो. चौऱ्याण्णव! एकतीस किलो माणूस गेला कुठे? मागे वळून बघतो तर प्रफुल्ल एसीत घामाघूम.

“भाऊ, रागावू नोका. खुर्चीखाली ढेपीचं पोतं राहते.”

गुरांना घालतो ती, सरकीची ढेप! पहिल्याच वर्षी म्हणे लाडू जास्त झाले आणि माझं पारडं काही खाली येईना. जनतेसमोर लाडू काढून घ्यायचे कसे? म्हणून खुर्चीच्या झालरीआड पोतं सरकवलं, आणि मग दरवर्षी थोडं थोडं वाढवत गेले. घोडं कुठे पेंड खात होतं ते आज कळलं! आणि मी त्या ढेपीच्या भरवशावर पोट कापायला निघालो होतो.

डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही. रोज चाला, तळलेलं सोडा, रात्री लवकर जेवा.” एवढ्या लांब येऊन नापास! बरं वाटायला पाहिजे होतं. अपमान झाल्यासारखं वाटलं.

मी बाहेर प्रफुल्लला झापत होतो तोवर विमल आत त्या अर्पिताजवळच बसलेली. किती वेळ! बायकांच्या गोष्टी. बाहेर आली तर तोंड धुतलेलं, डोळे लाल. नवरा वाचला म्हणून रडली असेल. गाडीत म्हणाली, “तुमचं झालं ना पाहून?” म्हटलं, झालं, मिटला विषय. मग करंजी गावचा फाटा येईस्तोवर ती खिडकीबाहेरच बघत होती.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर गुप्त बैठक. मी आणि प्रफुल्ल. त्याचं म्हणणं, जाहीर झालेलं वजन मागे घेता येत नाही, लोकांचा विश्वास उडतो. उलट निवडणुकीचं वर्ष आहे, विक्रम मोडायला पाहिजे. पोतं मोठं लागेल. मी नाही म्हणालो. चहा आला. मग हो म्हणालो.

१ फेब्रुवारी

विमल आठवडाभर नुसतं ताक आणि वरणाचं पाणी पिते. “उपास हाय,” म्हणाली. कोणाचा? “माह्याच.” माझ्या वाढदिवसासाठी नवस बोलली असणार. बरं वाटलं. परवा काही सांगायला आली होती, तेव्हा मी नव्या बॅनरचा रंग ठरवत होतो. नंतर सांग म्हटलं.

५ फेब्रुवारी

‘विक्रमी १३५!’ छापून झालं. तुला व्हायच्या चार दिवस आधी!

९ फेब्रुवारी

बँड आला, झालर लागली, पोतं सरकवलं. ओवाळायला विमल कुठेच नाही. तेवढ्यात तिच्या बहिणीचा, नलूचा, नागपूरहून फोन – “भाऊजी, ताई सकायच्या बसनं आली, भरती झाली. उद्या तिचं ऑपरेशन. सत्त्याण्णव किलो हाय ते, तुमच्या खांद्याएवढी बाई! तुमाले सांगाले आलती, तुमी बॅनर पाहत होते म्हणे.”

सैपाक कधी करता येईल, हे ती स्वतःचं विचारत होती. सगळंच स्वतःचं विचारत होती. मला लाज वाटली. गाव दरवर्षी मला पारड्यात बसवतं, आणि जिन्यात बसलेली ही मला दिसली नाही.

तुला रद्द. लाडू वाटा म्हटलं, ढेप म्हशींना घाला. गाडीत बसलो तर प्रफुल्ल धावत आला, हातात माईक. “भाऊ, लोकायले काय सांगू?”

म्हटलं, चौऱ्याण्णव सांग.