म्हाताऱ्या राणीचं वाक्य

३ मार्च
दिग्दर्शकाने पहिला अंक परत दिला. "लढाया झकास आहेत. पण हा जगज्जेता जग जिंकतो कशासाठी?" कशासाठी! तेच कळलं असतं तर नाटक कशाला लिहायला घेतलं असतं? डोकं फिरलंय. वीस तारखेला वाचन. तोवर त्याला पटलं नाही, तर दोन वर्षांचं काम गुंडाळायचं.

४ मार्च
भूक — छे. बापाचा धाक — शंभरदा झालंय.

७ मार्च
एकेक प्रवेश एकेका कागदावर लिहून भिंतीवर चिकटवतो. त्याशिवाय मला नाटक दिसतच नाही. बाहेरच्या खोलीतली जागा संपली. स्वयंपाकघरातले तीन कागद बायकोने काढून टाकले — वाफेने लोंबत होते म्हणे. तिसरा अंक होता तो! ताट सारून उठलो. या घरात माझ्या कामाला काडीची किंमत नाही.

आई आठ दिवसांसाठी ताईकडे गेलीय. तिची खोली रिकामीच आहे. पलंग उभा करून ठेवला, कपाट कोपऱ्यात ढकललं. चारही भिंती मिळाल्या.

११ मार्च
सापडलं! जगज्जेत्याला कुठलंच शहर कुणाचं वाटत नाही. "मी हिसकावलं नाही. रिकामं होतं, आलो." लिहिताना अंगावर काटा आला. फोनवर ऐकवलं तर दिग्दर्शकाने पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "आणि शहराच्या किल्ल्या देणारी म्हातारी राणी? ती काय बोलते?"

शाप देईल. दुसरं काय करणार ती?

१५ मार्च
राणीचे नऊ शाप लिहिले, नऊही फाडले. सगळे खोटे. त्यात आईचा फोन — "येऊ का रे परवा?" म्हटलं, वीस तारखेनंतर ये. नेमके कामाच्या वेळीच कसे सुचतात यांना फोन?

१८ मार्च
एवढं सांगूनही आई आलीच. तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली. उभा पलंग पाहिला, भिंती पाहिल्या. मी तणतणलो, "दोन दिवस धीर धरवत नाही का तुला?" तिने कपाट उघडलं. विणकामाची पिशवी आणि चष्म्याचं घर घेतलं. कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मी ताईकडेच बरी आहे. खिडकीकडच्या भिंतीला ओल येते बरं का, तिथे कागद नको लावूस."

१९ मार्च
राणीचं वाक्य मिळालं. काल आई जिना उतरत होती, तेव्हा मी ते लिहून घेत होतो. थांब म्हणालो नाही.