सकाळची मूठ

जबलपूर,
२४ नोव्हेंबर

ती. नंदाताईंना लतिकेचा शि. सा. न. वि. वि.

नळ आला तेव्हा उजाडलं नव्हतं. पिंप भरलं, दोन्ही बादल्या भरल्या, ओटा पुसला, दूध तापत ठेवलं. रात्रीचा भात मोकळा करून त्याला फोडणी दिली. हे अर्धी दाढी तशीच ठेवून ताट घेऊन बसले. काल भात कमी टाकला होतास काय, असं विचारत होते. मी म्हटलं, रात्री तुम्हीच दोनदा घेतला. मग ते कांदा फोडायला उठले आणि मी कपडे भिजवले.

एवढीच सकाळ. तुमच्या भावाची आठवण काढायची म्हटलं की मला हीच येते. कुठल्या सालची, तेही सांगता येणार नाही. येत्या फेब्रुवारीत त्यांना जाऊन वर्ष होईल.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सकाळचा ओटा आता सुनेनं, श्रद्धानं, स्वतःकडे घेतला आहे. माझ्याकडे संध्याकाळचा. आई, तुम्ही सकाळी निवांत वाचत बसा, असं ती म्हणाली तेव्हा मी वाद घातला नाही. घोर आहे तो अनुपमचा. ओमती भागातल्या ऑफिसातून येतो, ताट वाढून घेतो आणि खोलीत निघून जातो. जेवताना कोणी ताट घेऊन उठलेलं त्याच्या वडिलांना चालत नसे, हे तुम्हाला माहीत आहे. मला आता दुसरं काही नको. चौघांनी एका टेबलाशी बसून जेवावं.

कारण मला समजलं आहे असं वाटतं. तांदूळ मी मुठीनं घेते, आणि हात अजून यांची मूठ टाकतो. रोज एका माणसाचा भात उरतो. मी म्हणते, घे रे, संपव, उगाच राहतो. की तो उठतो. वडिलांचा वाटा पातेल्यात दिसत असताना मुलगा कसा बसेल? सकाळी तो भात गाईला जातो असं मी धरून चालले आहे.

म्हणून हाताला रजा दिली. माझ्या लग्नात तुम्ही दिलेलं पाककृतींचं जाडजूड पुस्तक माळ्यावरून काढलं. सातवीत शाळा सुटल्यापासून हाताला लागेल ते वाचत आले, तसं हेही प्रस्तावनेपासून वाचलं. प्रत्येक पदार्थाखाली तो किती माणसांना पुरेल ते दिलं आहे. मापं शेर-छटाकाची आहेत, अवंतिका मोबाईलवर त्यांचे ग्रॅम करून देते. नात नववीत गेली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. चिंचोक्याएवढा गूळ असं वाचलं तर ये चिंचोका कौन है म्हणून विचारत होती. शनिवारी साखरभात केला. झाकणावर निखारे ठेवावेत असं लिहिलं आहे. निखारे कुठून आणू? भात खाली लागला. पण उरला नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची भावजय,
लतिका


नागपूर,
२ डिसेंबर

चि. लतिकेस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सवयीनं ‘सौ.’ लिहून बसले होते, मग पाकीट बदललं. हाताला उशिरा कळतं, तुझ्या काय नि माझ्या काय.

निखारे नाहीत तर इस्त्री ठेवायची झाकणावर. इतकं वाचून राहिलीस नि एवढं सुचलं नाही? ते पुस्तक दिलं तेव्हा सूर्या मला म्हणाला होता की ताई, हिला पुस्तक काहून देऊन राहिलीस, हिच्या हाताला चव आहे. तेव्हा तुझ्या हातचा चहासुद्धा प्यायला नव्हता तो.

एक मात्र पटलं नाही. भात गाईला जातो असं धरून चालले म्हणतेस. कोण नेतं, पाहिलंस काय? आमच्या माहेरचा शिळा भात गाईपर्यंत पोचल्याचं मला तरी आठवत नाही. अनुपमला विचारू नको, तो बापासारखा गप्प होईल. सुनेला विचार.

माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. पत्राची वाट पाहते, हे खोटं नाही.

तुझी,
नंदाताई


जबलपूर,
९ डिसेंबर

ती. नंदाताईंना शि. सा. न.

पाकीट बदलायला नको होतं. मी काही म्हटलं नसतं.

श्रद्धाला विचारलं नाही. तिच्या सकाळच्या ओट्यात हात घातल्यासारखं होईल. आता रोजचाही भात वाटीनं मोजूनच टाकते.

बाजारात सिहोऱ्याकडचा मटार आला आहे. शनिवारी पुस्तकातल्या मटाराच्या करंज्या, पंचामृत आणि मसालेभात केला. झाकणावर इस्त्री नाही, उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवलं. सगळं जमलं. अनुपमही बसला. मी मनात म्हटलं, झालं एकदाचं. जेवण आटोपल्यावर त्यानं भाताच्या पातेल्याचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं. आई, छान झालं होतं, असं म्हणाला. रविवारी पुन्हा ताट घेऊन खोलीत.

पुस्तकात चूक नाही. मग कुठे चुकतं आहे, ते मला कळत नाही.

आहे तशी माया ठेवा.

लतिका


नागपूर,
१६ डिसेंबर

चि. लतिकेस आशीर्वाद.

झाकण उचलून तो काय शोधत होता? तू वाचणारी बाई, तरी दिसेना काय? सुनेला विचार म्हटलं होतं. विचारून होईपर्यंत आता मला पत्र टाकू नको. रागावले नाही.

नंदाताई


जबलपूर,
२३ डिसेंबर

ती. नंदाताईंना शि. सा. न.

विचारलं. श्रद्धा कणीक मळत होती. म्हणाली की आई, सांगू नको म्हटलं होतं त्यांनी. हे गेल्यापासून उरलेल्या भाताला ती रोज सकाळी फोडणी देत होती आणि अनुपम तो डब्यात नेत होता. वडिलांसारखाच, कच्च्या कांद्यासकट. रात्री समोर बसला तर आई संपव, संपव म्हणत भात ताटात लोटणार, मग सकाळी राहणार काय? म्हणून ताट घेऊन उठायचं. पुस्तक निघाल्यापासून डब्यात पोळीभाजी आहे. मला सांगायचं नव्हतं, कारण तो म्हणे, आईला वाटेल की मी बाबांचं खाऊन राहिलो.

मी समजत होते, हात यांच्या रात्रीच्या पानाची मूठ टाकतो. ती सकाळची होती. इतकी वर्षं टाकत आले आणि मलाच माहीत नव्हतं. पुस्तकात शोधलं. फोडणीच्या भातासाठी भात मुद्दाम शिजवून गार करावा, असं दिलं आहे. वाचून हसू आलं.

परवा शनिवारी डाळिंब्यांची उसळ पुस्तकातली केली, तांदूळ मात्र मुठीनं घेतला. चौघं बसलो. मी कोणाला संपव म्हटलं नाही. ते कठीण गेलं. अनुपमनं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, पापड घे. आजी, आज तो चावल बच गया, असं अवंतिका म्हणाली, तेव्हा श्रद्धानं तिला ताक वाढलं. अनुपम शेवटपर्यंत बसला होता.

फेब्रुवारीत तुम्ही येणारच आहात. गुडघ्यांना तोवर सांगून ठेवा. लोभ आहे, तो असू द्या.

तुमची,
लतिका

ता. क. दुसऱ्या दिवशी मी श्रद्धाच्या आधी उठले. भात मोकळा केला, फोडणी दिली, कांदा फोडला आणि अनुपमला हाक मारली.