डबा संपवला : हो / नाही

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११.२०
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, 'निरोगी विद्यार्थी' योजना आता तुमच्याकडे. नगरपालिकेच्या अकरा शाळा. पाणी, डबा, खेळ, वजन. मी म्हणालो, बरं. बाहेर आल्यावर शिपाई म्हणाला, मुद्दाम तुम्हालाच दिलंय, तेवढंच मन रमेल. माझं मन रमवायची गरज आहे असं याला कोणी सांगितलं? ही जाऊन साडेतीन महिने झाले. बायको गेली की माणसाला फाइल वाचता येत नाही, अशी ऑफिसची समजूत दिसते. मी अगदी पूर्ववत आहे.
संकल्प : रोज चालत ऑफिस. छोटीचा, म्हणजे लेकीचा, डबा आणि माझा, दोन्ही आहारतक्त्याप्रमाणे. रोजनिशी मुद्देसूद.

४ सप्टेंबर, बुधवार
फॉर्म तयार. सुटसुटीत. मुलांनी रोज आपापला भरायचा. पाणी प्यायलात? खेळलात? डबा संपवला? हो किंवा नाही. मुलांवर विश्वास टाकला की मुलं खरं लिहितात, असं मीटिंगमध्ये मांडलं. नर्सबाईंनी (अकरा शाळांना मिळून एकच) विचारलं, तुम्हाला मुलं किती? म्हटलं, एकच मुलगी, आठवीत, आपल्याच तीन नंबर शाळेत. त्या म्हणाल्या, म्हणूनच. दोन असती तर एवढा विश्वास उरला नसता. सगळे हसले. मीही हसलो असेन.
चालत ऑफिस : उद्यापासून. आज फाइली जड होत्या.

९ सप्टेंबर, सोमवार
फॉर्म सर्व शाळांत सुरू. घरी पहाटे उठून डबा केला. भात, उकडलेली भाजी, अर्धं फळ, मीठ बेताचं. छोटी डब्यात बघत राहिली. म्हणाली, बाबा, हे रोज? म्हटलं, रोज. म्हणाली, ठीक आहे. समजूतदार पोर. आईमागे एकदाही रडली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. मीही नाही. एकमेकांना त्रास द्यायचा नाही, हे न बोलताच ठरून गेलंय.
संध्याकाळी ती तिचं तिचं जेवून घेते. मी नंतर, फाइल चाळत. तिचं ताट धुऊन पालथं घातलेलं असतं. कसलीही कटकट नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
पहिल्या आठवड्याचा डेटा आला. डबा संपवणारे ९६ टक्के! साहेब म्हणाले, शेजारच्या नगरपालिकेचं नाक कापलंत. छोटीच्या फॉर्मवर पाचही दिवस 'हो'. तोच प्रेझेंटेशनमध्ये नमुना म्हणून लावला. नाव झाकून.
ताईचा फोन. माझी थोरली बहीण. म्हणाली, पोरगी जेवते का रे नीट? म्हटलं, ९६ टक्के. ती म्हणाली, मेल्या, मी तिच्या जेवणाचं विचारतेय, परीक्षेचं नाही. ताईला आकडेवारीत गती नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार. दुपारी ३
तीन नंबर शाळेत वजनं. नवा डिजिटल काटा. छोटी : ३५.४. शाळेच्या जानेवारीच्या नोंदीत ४१.२.
मी म्हणालो, काटा बिघडलाय. नर्सबाई म्हणाल्या, बाकीच्या मुलांची वजनं तर दीड-दोन किलोनं वाढलीत. मी म्हणालो, नवीन मशीन आहे, एखाद्याचंच चुकीचं दाखवतं. त्या म्हणाल्या, असं माणूस ओळखणारं मशीन मी तरी बघितलेलं नाही. छोटी खाली मान घालून बूट चढवत होती. नोंदवहीत तिच्या नावापुढे 'फेरतपासणी' लिहिलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार
काटा तपासून घेण्याचं पत्र, तीन प्रतींत. साहेब म्हणाले, तीनशे बारा मुलांची वजनं बरोबर आणि एकीचंच चूक? कोण आहे ही? म्हटलं, एक विद्यार्थिनी. त्यांनी सही केली.
सकाळी छोटीच्या स्कर्टला कमरेपाशी दोन सेफ्टी पिना दिसल्या. विचारलं नाही. कपड्यांचं सगळं हीच बघायची.
चालत ऑफिस : गुडघा.

२४ सप्टेंबर, मंगळवार
काटेवाला आला. वीस किलोचं प्रमाण वजन ठेवून दाखवलं. २०.०. पुन्हा २०.०. मी म्हणालो, आणखी एकदा. २०.०. म्हणाला, साहेब, काटा सोन्यासारखा आहे. तुम्हाला नक्की कुणाचं वजन पटत नाहीये? शिपाई तिथेच उभा होता. मी म्हणालो, तांत्रिक बाब आहे.
काटेवाला गेल्यावर नर्सबाई म्हणाल्या, उद्या मधल्या सुट्टीत शाळेत या. येताना फॉर्म आणू नका.

२५ सप्टेंबर, बुधवार. दुपारी १
गेलो. व्हरांड्यातल्या खिडकीतून बघितलं. छोटीनं डबा उघडला. बंद केला. शेजारची मुलगी काहीतरी सांगत होती, छोटीनं दोनदा मान हलवली. सुट्टी संपायची घंटा झाली. मग तिनं दप्तरातून पेन काढलं आणि फॉर्म भरला.
ऑफिसला परत गेलो नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
विचारलं. खोटं का लिहिलंस, असं विचारलं. पहिलाच प्रश्न चुकला. ती म्हणाली, तुमचे टक्के कमी झाले असते ना. मग म्हणाली, घास घशाखाली उतरतच नाही, बाबा. आई गेल्यापासून. म्हटलं, संध्याकाळी पण? ती म्हणाली, संध्याकाळी पण. ताट नुसतं ओलं करून ठेवते.
म्हटलं, मला सांगायचंस की गं. ती म्हणाली, तुम्ही विचारलंच नाहीत. फॉर्म दिलात.
मग रडली. खूप वेळ. मी तिला धीराची समजत होतो. म्हणाली, मी रडले असते तर तुम्हीही रडला असतात. पाणी आणून दिलं. ग्लास तिच्या हातात देताना अर्धं सांडलं, माझ्याकडूनच.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
सुधारित रिपोर्ट दिला. डबा संपवणारे : माहीत नाही. साहेब म्हणाले, अहो, माहीत नाही हा काय आकडा झाला? मग ती विद्यार्थिनी कोण ते सांगितलं. साहेब पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. म्हणाले, आज घरी जा तुम्ही.
जाण्याआधी टिपण ठेवलं. फॉर्म बंद करावा. मधल्या सुट्टीत वर्गशिक्षकांनी मुलांबरोबर बसून जेवावं. दुसरं काही सुचलं नाही.
नोंदवहीत छोटीच्या नावापुढे ३५.४ लिहिलं.

२९ सप्टेंबर, रविवार. दुपारी २
ताईनं फोनवर बजावलं होतं, दोघं एका वेळी बसा. बसलो. मी समोर बसलो की ती जेवेल, एवढीच योजना होती. पहिला घास घेतला आणि तो माझ्याच घशात अडकला. पाणी प्यायलो. तरी खाली जाईना. छोटी बघत होती. हळूच म्हणाली, बाबा, तुम्हालाही होतं? मी मान हलवली. तिनं उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला, ही फिरवायची तसाच. मग मात्र मला आवरलं नाही.
भात गार झाला. एक उकडलेलं अंडं होतं, ते दोघांत मिळून संपवलं. मोठा तुकडा तिनं खाल्ला.
उद्या साडेदहाला डॉक्टर. दोघांनाही.