ओक-बुनचं गवत कोणी कापावं

मी, पिओ सांग-गिल, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सोतगोल, उत्तर क्योंगसांग प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. मत्सर आहे, पण तो जुना आहे आणि मी त्याला ओळखून आहे.

कलम १. घर, लसणाचं शेत आणि बँकेतली शिल्लक मुलगी ह्ये-जू हिला. ती बुसानला असते, शेत विकलं तरी हरकत नाही. परसातल्या मातीच्या बरण्या मात्र विकू नयेत, त्या तिच्या आईच्या आहेत.

कलम २. माझं गवत कापायचं यंत्र शेजारी मेंग जोंग-मान याला. गाव हसेल, म्हणून कारण लिहून ठेवतो.

तीस वर्षं या यंत्राची नायलॉनची दोरी अडकली की माझी बायको ओक-बुन म्हणायची, "तुम्ही राहू द्या हो. जोंग-मान भावजींना हाक मारते." तो यायचा, रीळ उघडायचा, काहीबाही बोलायचा आणि ती खळखळून हसायची. माझ्या बोलण्यावर ती तशी कधी हसली नाही. माझा जळफळाट व्हायचा. अजून होतो.

ती जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर मी त्याला हाक मारली नाही. चुसोकच्या सणाआधी थडग्यावरचं गवत कापायला दरवेळी ह्ये-जू मला घेऊन जायची. गेल्या वर्षी तिला जमलं नाही, एकटाच टेकडी चढलो. गवत कमरेएवढं. यंत्राचं टोक जमिनीवर कितीही ठोकलं तरी दोरी बाहेर येईना. दर दहा पावलांवर पकडीने ओढत होतो. शेवटी आतले वेढे वितळून एकमेकांना चिकटले. अर्धं गवत तसंच सोडलं, मद्य वाहिलं, दोनदा डोकं टेकवलं, एरवी कधी न बोललेले चार शब्द बोललो आणि उतरलो.

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन पुन्हा वर गेलो, पाहतो तर उरलेलं सगळं कडेपर्यंत साफ. असं काम गावात एकच माणूस करतो. अडकलेलं रीळ हातात घेऊनच तडक त्याच्या अंगणात गेलो.

"माझ्या बायकोच्या थडग्याला हात लावणारा तू कोण रे?"

"दादा, ते माझ्या आईचं आहे," जोंग-मान म्हणाला. "अर्धं तुम्ही कापलंत, बाकीचं मी उरकलं. वहिनी त्याच्या वरच्या अंगाला आहेत. त्यांचं मी परवाच केलंय."

त्याने माझ्या हातातलं रीळ घेतलं.

"दोरी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळून कडक झालीय. बाणाच्या दिशेने गुंडाळा, वेढ्यावर वेढा चढू देऊ नका. आणि काठोकाठ भरू नका, दादा. वहिनी सांगून थकल्या म्हणे."

म्हणजे माझ्या तक्रारीसुद्धा ती त्याच्याकडेच करायची. तसं गुंडाळल्यापासून दोरी एकदाही अडकलेली नाही, हेही लिहिलं पाहिजे.

कलम ३. ओक-बुनचं आणि माझं गवत दरवर्षी जोंग-मानने कापावं. ती कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे. मला नव्हतं. लोखंडी पातं लावू नये, दगड उडतात. त्याला साक्षीदार केलेलं नाही, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही म्हणतात. बरंच झालं.

कलम ४. समोरून पाहता नवऱ्याची जागा डावीकडे असते. मला उजवीकडे पुरावं, मग लोक काहीही म्हणोत. पायवाट त्या बाजूने येते. तिच्यापर्यंत पोचायला जोंग-मानला आधी माझं गवत कापावं लागेल.

ठिकाण: सोतगोल
दिनांक: २० ऑगस्ट २०२४
पिओ सांग-गिल (सही व शिक्का)

साक्षीदार:
१. मा दोक-सू, गावप्रमुख
२. यो मल-सुन, शेजारीण