एकाच कडेला तुटलेले दात

अण्णा,

काल मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला, म्हणून हे लिहायला बसले आहे. आपल्या नगरलाच जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं आणि मला बक्षिसं वाटायला बोलावलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिकेला लोक अशाच कामांना बोलावतात. तिथे ती उभी होती. दोन माणसांची, उघडी, हिरवी. लष्करातला गोरा साहेब मायदेशी जाताना बागायतदार मालकांना विकून गेला होता तीच. शेजारी मालकांचे चिरंजीव, आता तेही काठी टेकणारे, चार माणसांना हसत सांगत होते, "नगरच्या एका मिस्त्रीनं हिचे तीन गिअर फोडले बरं का! शेवटी पुण्याच्या माणसानं दोष काढला." मी पुढे होऊन सांगितलं, की तो मिस्त्री माझा बाप, आणि दोष त्यांनीच काढला होता. इथवर ठीक होतं. पण मग दोष कोणाच्या हातचा होता, तेही सांगून टाकलं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढचा उन्हाळा. मी कॉलेजच्या सुट्टीत पुण्याहून आले होते आणि दिल्ली दरवाजाजवळच्या आपल्या शेडमध्ये ती गाडी पोट उघडून पडली होती. मालकांना ती घाटातल्या शर्यतीत पळवायची होती. विलायतेहून सुटे भाग येत नव्हते, म्हणून दुसऱ्या गिअरचं चक्र तुम्ही स्वतः कापलंत. इमामपूरच्या घाटात मालकांनी गाडी चढाला घातली आणि चक्राचा दात उडाला. तुम्ही म्हणालात, मालकांनी गिअर आडमुठेपणानं टाकला. दुसरं चक्र कापलंत, तेही त्याच चढाला गेलं. तेव्हा तुमचे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली तुम्ही शिकलात, म्हणाले, पोलाद हलकं, पाणी नीट बसलं नाही. मग तुम्ही दुसरं पोलाद आणून, तापवून, जपून पाणी देऊन तिसरं केलंत. मालक जाताना बजावून गेले, "मिस्त्री, आता तुटला तर गाडी पुण्याला. आणि मी गप्प बसणार नाही, सगळ्या बागायतदारांना सांगीन."

तिसरं तुटलं त्या दुपारी तुम्ही जेवायला आलात ते तिन्ही चक्रं फडक्यात बांधून. आई भाकरी थापते आहे, तुम्ही ताटाकडे बघत नाही. मी फडकं सोडते आणि चक्रं पाटावर ओळीनं मांडते. पोलाद वाईट असतं तर दात कुठेही तुटले असते. इथे तिन्ही चक्रांचे दात एकाच कडेला तुटले होते, जणू सगळा भार त्या कडेनंच उचलला होता.

"अण्णा, चक्रात दोष नाही. चक्र ज्या शाफ्टवर बसतं तो शाफ्टच तिरका आहे."

"दिसतंय मला."

"कधीपासून?"

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. "दुसऱ्या टायमापासनं."

"मग गिअरची पेटी मोजली का नाहीत?"

आई तव्यावरून वर बघत म्हणाली, "अगं, पेटीला बुश उस्तादांनी बसवलाय."

मला तेव्हा हे उत्तर वाटलंच नाही. पेटीतली बेअरिंगची बैठक झिजून सैल झाली होती. उस्तादांनी ती लेथवर मोठी करून आत पितळी बुश ठोकला होता. शाफ्टचं टोक त्या बुशातच बसायचं; बुश तिरका, म्हणून शाफ्ट तिरका. आणि आपल्या शेडचा नियम असा, की ज्यानं हाताला काम शिकवलं त्याच्या कामाला मागून कॅलिपर लावायचा नाही. मोजणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं. त्या नियमापायी तुम्ही माहीत असून तिसरं चक्र कापलंत, आणि या वेळी तरी टिकेल अशी आशा केलीत. इतका हुशार माणूस असं करतो याचा मला राग आला होता. अजून येतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नियम न मोडता खात्री करायची वाट काढलीत. शेंदूर तेलात कालवून जुन्या चक्राच्या शाबूत दातांना लावलात, पेटीत बसवून हातानं फिरवलंत. चक्रं सरळ भिडली तर समोरच्या दातांवर शेंदूर पूर्ण रुंदीला उमटतो. उमटली ती फक्त कडेला एक बारीक लाल रेघ. उस्ताद पेटीवर वाकले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सगळ्यांना माहीत होतं, कुणी म्हणत नव्हतं.

"कसा हाय रं डाग?"

"समदीकडं बसलाय, उस्ताद."

"मंग? मी म्हनलो न्हाई, पोलादच हलकं! तुला पोलाद वळखाया कवा येनार?"

"चुकलं उस्ताद," तुम्ही म्हणालात. मी तिथेच उभी होते आणि तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलंत, की मी शेंदराची वाटी उचलून मागे सरले.

शुक्रवारी उस्ताद नमाजला गेल्यावर तुम्ही बुश ठोकून काढलात, नवा करून बसवलात, चौथं चक्र चढवलंत. शेंदूर सगळ्या दातावर सारखा उमटला. संध्याकाळी मालक गाडी पुण्याला न्यायला आले. चूक कोणाची होती, असं त्यांनी विचारलं, तेव्हा उस्ताद बाकावर चहा पीत होते. तुम्ही म्हणालात, "माझी."

रात्री मी भांडले. तुम्ही म्हणालात, "त्यांनी धरला म्हणून ह्यो हात हाय. त्यांची नजर गेली हे मी सांगू व्हय? उद्या मालक गावभर बोलंल. मंग उस्तादांकडं कुत्रं बी फिरकायचं न्हाई."

"आणि तुमच्याकडे कोण फिरकेल?"

"मला डोळं हायेत अजून. हे कुटं बोलायचं न्हाई. माझ्या माघारी बी न्हाई."

मी हो म्हटलं. त्यानंतर आपल्या शेडमध्ये मोठ्यांची मोटार आली नाही. विहिरीवरची इंजिनं आणि पिठाच्या गिरण्या दुरुस्त करत तुम्ही संपलात. पुण्यात गाडी फक्त तपासली गेली, कारण करायला काही उरलंच नव्हतं. घाटात ती पळाली आणि नाव पुण्याच्या माणसाचं झालं. तुमच्या मयताला उस्ताद कुणाच्या तरी खांद्याला धरून आले. मला म्हणाले, "कारागीर लाखाचा हुता, पोरी. येक पोलाद तेवढं वळखाया येत नव्हतं." मी त्यांना पाणी दिलं.

काल चिरंजीवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल बाई. पण मग ते तेव्हाच का नाही बोलले?" इतकी वर्षं वाटायचं, एकदा सांगितलं की मोकळं वाटेल. वाटलं नाही. एका आंधळ्या म्हाताऱ्याची चूक चार अनोळखी लोकांना सांगितली, एवढंच झालं. तुमचं वागणं मला आजही पटलेलं नाही, पण काल घरी परतताना तुमचीच नजर आठवत राहिली. हे पत्र कुठे धाडायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही.

मात्र त्या संध्याकाळी मालकांच्या हाती काय दिलंत, ते मी उभी राहून पाहिलं होतं, ते लिहून ठेवते. गाडी, चालू. तिचं हँडल. जॅक. फडक्यात बांधलेली तिन्ही तुटकी चक्रं, मालकांनी पुरावा म्हणून मागितली होती. आणि न मागता, तेल लावून कागदात गुंडाळलेलं जादा कापलेलं एक चक्र. ते कधी लागणार नाही, हे त्या शेडमध्ये तुम्हाला आणि मलाच ठाऊक होतं.