दादाच्या आवाजात

१४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी खुशाल आहे, असं पहिल्या ओळीत लिहायचा आपल्याकडे रिवाज आहे, म्हणून लिहून टाकतो. अभ्यास चालू आहे. वसतिगृहाच्या नळाला अखेर गरम पाणी येऊ लागलं. आईचा गुडघा कसा आहे? आजी दुपारची पडते का, की अजून खिडकीशीच बसून असते?

हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं. पण फोनवर मी काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून पत्र.

शनिवारी आमच्या संघानं वादविवाद स्पर्धा जिंकली. शेवटचं भाषण माझं होतं. तुम्ही शिकवलंत तसंच केलं: आवाज पोटातून, नजर शेवटच्या रांगेवर, आणि स्वतःला पटलेलं नाही ते तोंडातून काढायचं नाही. माझ्या खोलीत राहणारा लंबू म्हणाला, "वक्तेमहाशय, घसा कोरडा पडला असेल. चला, पार्टी काढा." संध्याकाळी आम्ही दोघं विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरच्या थाय हॉटेलात गेलो.

आजवर मी ते हॉटेल टाळत होतो. दादा इथं शिकायला होता तेव्हा तिथंच जेवायचा.

जागा लहान. भिंतीला लागून टेबलं, काचेवर वाफ, गवती चहाचा वास. मालकीणबाईंना सगळी मुलं मावशी म्हणतात. माझी दाढी वाढलेली, अंगात दादाचं तपकिरी जॅकेट. मावशींनी कढईवरून मान वर केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलास? नोकरी लागली आणि विसरलास होय रे मावशीला? बस. तुझं नेहमीचंच करते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मावशी, मिरचीला हात आखडू नका हं."

बाबा, तो आवाज माझा नव्हता. रविवारी आजीशी बोलून मी फोन ठेवतो, थोडा थांबतो, पुन्हा लावतो आणि दादा म्हणून ज्या आवाजात तिच्याशी नव्यानं बोलतो, तो. जरा खर्जातला, वाक्याच्या शेवटी हसणारा. "परदेशात जेवणाचे हाल होतात का रे बाळा?" ती विचारते. "नाही गं म्हातारे, मजेत आहे," मी म्हणतो. तुम्ही तिच्या कानाशी फोन धरून उभे असता.

लंबूला वाटलं, मी मावशींची गंमत करतोय. नारळाच्या दुधातला हिरवा रस्सा आला. मला तिखट सोसत नाही. लहानपणी मिरचीचा तुकडा दाताखाली आला तरी मी घर डोक्यावर घ्यायचो, आईला विचारा. तो रस्सा मी भाताबरोबर शेवटच्या घासापर्यंत जेवलो. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

"जिभेचा विमा उतरवलायस का?" लंबू म्हणाला. मी दादासारखा हसलो.

मग मावशी हात पुसत आमच्याजवळ येऊन बसल्या. "आणि तो धाकटा कुठंय? भाषणं ठोकणारा? इथंच शिकायला आणणार होतास ना त्याला? सारखं त्याचंच कौतुक. 'मावशी, तो बोलायला लागला की मीसुद्धा गप्प बसतो.' आणलास का?"

मी म्हणालो, "तो गेला, मावशी. ट्रकनं उडवलं."

दादाच्या आवाजात म्हणालो. अडखळलोसुद्धा नाही.

मावशींनी एप्रन तोंडाला लावला आणि रडल्या. मोठ्यानं, भरल्या हॉटेलात, कुणाची लाज न बाळगता. माझा हात घट्ट धरून माझ्यासाठी रडल्या, आणि मी त्यांची समजूत घालत बसलो. आपल्या घरात दादासाठी असं कोणी रडलं का? आई न्हाणीघरात नळ सोडून रडायची, आजीला ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्ही तर तेवढंही केलं नाहीत.

बाहेर आल्यावर लंबू चालता चालता थांबला. "धाकटा तर तूच ना?" तो हळू म्हणाला. "मग आत माझ्याबरोबर कोण जेवलं?"

तोंड उघडलं तर कोणता आवाज येईल, याची भीती वाटली. सोमवारी वर्गात हजेरीलाही मी नुसता हात वर केला.

बाबा, मी तुम्हाला पिंजऱ्यात उभं करत नाही. आजीची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, डॉक्टरांनी धक्का नको म्हणून बजावलं होतं. थोडे दिवस तो परदेशात आहे असं तिला सांगू, तुम्ही म्हणालात, आणि मी मान डोलावली. पण ते दिवस कधीच सरले. आजी आता भाजीवाल्याशी भांडून पिशवी भरून आणते. मग आपण जपतोय कुणाला? तिला, की ते एक वाक्य तिच्यासमोर ज्याला उच्चारावं लागेल त्याला? दादा तिचा नातू होता. त्याच्यासाठी रडणं हा तिचा हक्क आहे, आपण देऊ तेव्हा घ्यायची औषधाची गोळी नव्हे. तिच्या वाटचं रडणं आपण कुलूप लावून ठेवलंय, आणि ते कुलूप म्हणजे माझा गळा. एक नातू तिच्यासाठी जिवंत ठेवायचा म्हणून दुसरा रोज थोडाथोडा पुसला जातोय, हे तुम्हाला ऐकू येत नाही? आवाजाची पारख तर तुमच्याइतकी कुणालाच नाही.

काल दुपारी मी पुन्हा त्या हॉटेलात गेलो. मावशींना खरं काय ते सांगितलं. आदल्या वेळी हंबरडा फोडणारी ती बाई या वेळी नुसती उभी राहिली. कढईखालचा गॅस बंद केला. आणि म्हणाली, "मग त्याच्यासाठी मी रडलेच नाही."

येत्या रविवारी घरी फोन वाजणार नाही. शनिवारच्या गाडीनं मी येतोय. आजीजवळ बसेन. तुम्ही सांगितलंत तर मी गप्प राहीन. पोटच्या मुलाच्या तोंडून कळलं तर तिला धीर राहील, असं मला वाटतं. तुम्हाला नाहीच जमलं तर मी सांगेन. फक्त तेव्हा खोलीतून उठून जाऊ नका.

आजीला नमस्कार सांगा. एकाचाच.

तुमचा
धाकटा