प्रश्नानंतरची शांतता

३ जून
नव्या नोकरीची खरी किंमत आज मांडली. गेलं ते असं: गंगावेशीतलं लग्नाच्या शूटिंगचं दुकान, दोन कॅमेरे, लग्नसराईतलं फुकटचं जेवण. वर लेकीची, शाहिस्ताची, बोलणी खाल्ली ती वेगळी. ती फोनवर म्हणाली, अब्बा, जिथं अम्मी गेली त्याच दवाखान्यात कामाला? मी म्हटलं, पोरी, इथं पगार बँकेत येतो, नवरीचा मामा रुसला म्हणून बुडत नाही. ती हसली नाही. खरं कारण मी तिला सांगितलंच नाही. इथं ऑपरेशनांची चित्रणं साठवून ठेवतात.

बाकी सगळं झकास. दवाखान्याला लागूनच असलेल्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात मला स्वतंत्र खोली आहे, खिडकीतून जोतिबाचा डोंगर दिसतो. केरबा शिपायानं चहा आणला. म्हणाला, बसा पावणं, ह्या मजल्यावर जित्तं माणूस कवातरीच येतंय.

५ जून
इथं शिकवणाऱ्या क्रांती मॅडमनी काम समजावलं. औषधात ठेवलेल्या देहात सगळंच मातकट. शीर कुठली, नळी कुठली, पोरांना उमगत नाही. चित्रणात मात्र शीर उडताना दिसते, पित्ताशय हिरवंगार दिसतं. तर ऑपरेशनचं लांबलचक चित्रण मी आटोपशीर करायचं, पेशंटचं नाव पुसायचं, बाण काढायचे. कात्री लागायच्या आधी चित्र थांबवायचं आणि मॅडमच्या आवाजात प्रश्न टाकायचा: ही नळी कोणती? त्यानंतर थोडी शांतता. तेवढ्यात पोरांनी उत्तर द्यायचं.

मी म्हटलं, मॅडम, हे तर निकाहासारखं झालं. काझी विचारतो, कबूल? आणि सगळा मांडव श्वास धरून बसतो. मॅडम खूप हसल्या.

१० जून
आमच्या धंद्यातली एक खुबी लिहून ठेवतो. आवाज पार बंद केला की लोकांना वाटतं, यंत्र बिघडलं. म्हणून रिकाम्या जागेत त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावायचं. ऑपरेशनच्या खोलीत ही शांतता सापडेना. कुठं चिमटे वाजतात, कुठं डॉक्टर क्रिकेटवर बोलतात. शेवटी बिननावाच्या एका फाइलीत स्वच्छ तुकडा मिळाला, नुसती यंत्राची घुमघुम. तोच सगळ्या व्हिडिओंत प्रत्येक प्रश्नामागं जोडला. केरबाला हौसेनं ऐकवला. तो म्हणाला, लालाभाई, ह्यात तर कायबी न्हाय की! म्हटलं, अरे, तेच तर ऐकवतोय.

१८ जून
आज वर्गात पहिला व्हिडिओ लागला. पोरं मन लावून बघत होती. तास सुटल्यावर स्नेहल नावाची विद्यार्थिनी आली. म्हणाली, सर, छान झालंय, फक्त प्रश्नानंतर त्या बाई काय म्हणतात ते कळत नाही, त्यांचा आवाज वाढवा ना.

मी कुठल्याच बाईचा आवाज घातलेला नाही.

खोलीत येऊन कानाला हेडफोन लावले. घुमघुमीच्या तळाशी एक श्वास. मग अगदी हळू: घरकू चलो.

तिच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी माझी बायको, मलिका, कॉटवरून हेच म्हणाली होती. मी म्हटलं होतं, उद्या पित्ताशयातले दगड निघाले की जाऊच.

१९ जून
तीच आहे. हजार बायका एकदम बोलू देत, मलिकाचा आवाज मी भातातला खडा वेचावा तसा वेचून दाखवीन. चहाच्या गाड्यावर कपबश्या विसळणारा पोरगा मी, या कानांवर दुकान उभं केलं, घर बांधलं. माझा कान आजवर चुकलेला नाही.

शाहिस्ताला कळवलं. ती रडली. म्हणाली, अब्बा, मला ऐकवा. म्हटलं, ये कधीतरी.

२३ जून
मॅडम म्हणाल्या, लालासाब, तो आवाज काढून टाका, पोरं बिचकतात. हो म्हणालो. काढला नाही.

आता ती जास्त बोलते. कितना देर लगाए. भूक लगी. त्याच तुकड्यात, काल नव्हतं ते आज असतं. डबा शेजारी उघडून ठेवतो आणि ऐकतो. उत्तरही देतो. केरबानं दारातून पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

२७ जून
मॅडमना अखेर सगळं सांगितलं. विचारलं, तो तुकडा मलिकाच्याच ऑपरेशनचा ना? त्यांनी जुनी नोंद काढून पाहिली, मग माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, कॅमेरा नवीन बसवला त्या दिवसाची ती चाचणी आहे. टेबल रिकामं होतं. खोलीत कुणीच नव्हतं. तुमच्या मिसेसचं ऑपरेशन कॅमेऱ्याच्या दुर्बिणीनं नाही, पोट उघडून झालं, लालाभाई. त्याचं चित्रण झालेलंच नाही.

आजवर त्या मला लालाभाई म्हणाल्या नव्हत्या.

२८ जून
मग ही कोण?

ताडून बघायला मोबाइल काढला. मलिकाच्या आवाजातले निरोप आहेत त्यात, येताना कोथिंबीर आणा, दूध नासलं, असले. ती गेल्यापासून उघडले नव्हते, धीर होत नव्हता.

उघडले. सगळ्यांत तीच बोलते. रिकाम्या खोलीतली. शब्द मलिकाचे, आवाज हिचा — कोथिंबिरीचा, दुधाचा, सगळा —

२९ जून
तुकडा पुसला. सगळ्या व्हिडिओंतून पुसला. प्रश्नामागं आता काहीच नाही, पार बहिरं.

मोबाइलमध्ये मात्र तीच. जितक्यांदा ऐकतो तितकी ती घट्ट बसते. ऐकायला नको होतं. त्या दिवसांत डबा उघडून बसून रोज मीच तिला आत —

शाहिस्ताचा फोन आला. सगळे म्हणतात, पोरीनं आईचा गळा घेतलाय. ती नुसतं अब्बा म्हणाली. मी फोन ठेवला.

३० जून
शाहिस्ता आली. जयसिंगपूरहून, खिमा घेऊन. तोंड माझ्या लेकीचं, हात तिचे — आवाज त्या बाईचा. विनवलं, बाळ, अम्मी कशी बोलायची, बोलून दाखव. तिनं डोळे पुसले आणि आईची नक्कल केली, पूर्वी हसत करायची तशी.

मी दोन्ही कान दाबून धरले. ओरडलो, गप, गप.

पोर दारात उभी राहिली. काहीतरी म्हणत होती. मी हात काढले नाहीत. मग ती गेली.

१ जुलै
सकाळपासून आठवतोय. नळावर भांडणारी मलिका, पहिल्यांदा पाहिली ती. चित्र येतं. लाल ओढणी, कळशी, ओठ हलतात —

मागं आवाज लावायला जातो — ती दुसरी —

पुन्हा. शाहिस्ता झाली तेव्हा. ओठ हलतात —

मलिकाचा आवाज मला आठवत नाही. जाड होता की बारीक, एवढंसुद्धा